भाऊरावांचा बाक आणि दहावीचं गणित

सातारा-सांगलीकडे गणितात मार खाल्लेल्या पोराची समजूत काढायची वेळ आली की हमखास एक गोष्ट निघते. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकत होते. गणित जमेना, वर्ग अडला. शाहू महाराजांनी शब्द टाकला, पोराला वर घाला म्हणून. गणिताचे कुलकर्णी मास्तर बधले नाहीत. भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात पाठवतो, भाऊरावला नाही, असं म्हणे त्यांनी महाराजांनाच सांगितलं. भाऊरावांचं शाळाशिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेलं नाही. पण वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या ह्या माणसाने १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि पुढे किती घरांतली पहिली मॅट्रिक तिथून निघाली त्याला गणती नाही.

गोष्ट ऐकून बाप खूश होतो, आई डोळे पुसते. मला मात्र ह्या गोष्टीत मास्तर जास्त आवडतात. राजाचा शब्द आला तरी जे येत नाही ते येतं असं लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत. शिवाय ही गोष्ट आजच्या पोराच्या कामाची नाही. भाऊरावांना कुठल्या विद्यापीठात जायचं नव्हतं. आपल्यासमोर बसलेल्या पोराला आयआयटीत जायचंय, दिल्लीला अर्थशास्त्र करायचंय किंवा बंगळूरला वकिली शिकायचीय, आणि दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, गणितापुढे ४८ आहेत. त्याला हे ४८ कुठे आडवे येतात आणि कुठे येत नाहीत एवढंच हवं असतं. आणि ते सांगणारं कुणी भेटत नाही. भेटतात ते एकतर 'काही होत नाही रे' म्हणणारे, नाहीतर 'आर्ट्सला टाका' म्हणणारे.

साताऱ्याचीच दुसरी गोष्ट ह्या प्रश्नाला जास्त जवळची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आजचं प्रतापसिंह हायस्कूल. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने ३७.६ टक्के, म्हणजे काठावर पास. सहा वर्षांनी, १९१३ मध्ये, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती पाठीशी होती. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा फडशा पाडला, आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. त्या २८२ मध्ये गणिताचे किती, हा इथे मुद्दा नाही. वर्गाबाहेर बसवलेल्या, एका खोलीच्या घरात रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाच्या बुद्धीचं माप त्या आकड्यात नव्हतं. आणि कोलंबियाला जाताना तो आकडा आडवाही आला नाही. हाताशी बी.ए.ची पदवी होती आणि शिष्यवृत्ती होती.

म्हणजे जुना दाखलाही हेच सांगतो. मोठं विद्यापीठ दहावीचा गुण क्वचित मागतं. ते विषय मागतं, आणि तोही आपल्या वेळेला, आपल्या पद्धतीने.

आता मेमोकडे येऊ. २०१० पासून राज्य मंडळाने 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणलं. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरून टक्के निघतात. ह्या सोयीने पुष्कळ मुलं वाचली, आणि पुष्कळांचं कच्चं गणित झाकलंही गेलं. गेल्या जूनमध्ये तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीकडची एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे सल्ला विचारायला आली होती. मेमोवर ९०.४०. पेढे वाटून झालेले, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका क्लासची फी कुठून भरायची ह्याची घरी चर्चा चालू, मुलीच्या तोंडी आयआयटी. मी मेमो हातात घेतला. पाच विषयांत ४५२, आणि गणित ५४. सहाही धरले तर ८४ टक्के. बापाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोष त्याचा नाही, आपण मेमोची तळची ओळ तेवढी वाचतो.

त्या ५४ चीही फोड करायला हवी. दहावीला बीजगणिताचा पेपर ४० चा, भूमितीचा ४० चा, वर अंतर्गत २०. अंतर्गतचे अठरा-एकोणीस बहुतेकांना मिळतातच. ते काढले की लेखी ८० पैकी पस्तीसेक उरतात. मी तिला कागद दिला आणि अर्धा अधिक एक तृतीयांश करायला सांगितलं. तिने वर वर मिळवले, खाली खाली मिळवले, दोन पंचमांश लिहून कागद पुढे सरकवला. म्हटलं, बाई गं, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातलास आणि भाकरी अर्ध्यापेक्षा कमी झाली? ती कागदाकडे बघत राहिली. मग कानापर्यंत लाल झाली.

तिचे वडील द्राक्षबागायतदार. सहज विचारलं, ब्लोअरची टाकी सहाशे लिटरची, जीए (जिबरेलिक आम्ल) तीस पीपीएमने मारायचं, पावडर किती? तिने वर बघितलंही नाही. 'अठरा ग्रॅम.' कसं काढलंस? 'शंभर लिटरला तीन ग्रॅम, सहा टाइम.' सरळ गुणोत्तर-प्रमाण, चुकलं तर घड वाया जाणारं, आणि ते तिला झोपेतही येत होतं. पाचवीतला अपूर्णांक तेवढा निसटला होता. तो निसटल्यावर दहावीतली समरूपता, त्रिकोणमिती, संभाव्यता, तिन्ही धडे पाठांतरावर गेले, कारण हे तिन्ही धडे म्हणजे अपूर्णांकांनीच घातलेले निरनिराळे पोशाख.

हा अनुभव एकट्या तासगाव तालुक्याचा नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकापुढे ती पोरं ९८ टक्के हिशेब बरोबर करत होती. तेच हिशेब शाळेतल्यासारखे कागदावर मांडून दिले की बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असाच निष्कर्ष 'नेचर'मध्ये आला. शहरातले लोक हे वाचून बाजारातल्या गणिताचं कौतुक करतात. करावं. पण जीएचा हिशेब येतो म्हणून जेईई निघत नाही, हेही त्याच दमात सांगावं लागतं. कागदावरचं गणित शिकावंच लागतं. बाजारातल्या हिशेबावरून एवढंच कळतं, की पोराच्या डोक्यात काही कमी नाही, मधली एक पायरी गेलीय. आणि गेलेली पायरी बसवता येते.

आता दरवाजे. इंजिनिअरिंगपासून सुरू करू, कारण सांगलीत ह्या विषयाची बोलणी वालचंदच्या फाटकापासूनच सुरू होतात. १९४७ साली सुरू झालेल्या ह्या कॉलेजात बारावीनंतर जायचं तर एमएचटी-सीईटी. तिच्यात भौतिक आणि रसायन मिळून १०० गुण, एकट्या गणिताचे १००. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. चुकीला वजाबाकी नाही. दहावीचं गणित कुणी विचारत नाही, पण अकरावी-बारावीचं गणित थेट अर्धा पेपर खातं. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय ह्यांचाही हाच रस्ता. जेईई मेनमध्ये ३०० पैकी १०० गणिताचे. अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यायचं तर प्रत्येक विषयात किमान गुण लागतात, म्हणजे भौतिकशास्त्राच्या जोरावर गणित ओढून नेता येत नाही. आयआयटी बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणं मागते. दहावीचे टक्के मागत नाही. तेव्हा दहावीला ५४ पडलेल्या मुलीला आयआयटी कागदोपत्री पूर्ण उघडी आहे. प्रत्यक्षात तिला दोन वर्षांत पाचवीपासून बारावीपर्यंतचं गणित करायचंय, आणि क्लासवाले पहिल्या आठवड्यात सदिश आणि त्रिकोणमितीची सूत्रं फळ्यावर टाकून पुढे जातात. क्लासचा धंदा ज्याला येतं त्याला आणखी पुढे नेण्यावर चालतो. मागची पायरी बसवायला तिथे कुणाला वेळ नसतो.

म्हणून, मंडळी नाक मुरडतात तरी, मी डिप्लोमाचं नाव घेतोच. दहावीनंतर मिरजेचं किंवा कऱ्हाडचं शासकीय तंत्रनिकेतन, प्रवेश दहावीच्या टक्क्यांवर. तीन वर्षांत गणित येतं, पण सर्किटला किंवा बीमला चिकटून येतं, नुसतं क्ष-य म्हणून येत नाही. मग डायरेक्ट सेकंड इयर, तेही डिप्लोमाच्या टक्क्यांवर, जेईई नाही, सीईटी नाही. वालचंदला आणि १९६० साली सुरू झालेल्या कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीला ह्या वाटेने आलेली मुलं दरवर्षी असतात. ह्या वाटेत एक खड्डा आहे. त्याचं नाव एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू केलेलं असतं, डिप्लोमावाला थेट लाप्लासच्या पुढ्यात येऊन पडतो. होस्टेलमध्ये 'एम-थ्री निघाला का?' हा प्रश्न आजारी माणसाची विचारपूस करावी तसा विचारला जातो. पण तो निघतो. पुढे पदवीनंतरची गेट परीक्षा. शंभर गुणांच्या पेपरात बहुतेक शाखांना अभियांत्रिकी गणित साधारण तेरा गुणांचं. जेईईत तेहतीस टक्के असलेलं गणित इथे तेरावर आलं, आणि मधल्या सहा-सात वर्षांत पोरगं मोठं झालं. गेटच्या जोरावर आयआयटीत एम.टेक. मिळतं तेव्हा दहावीचा मेमो ट्रंकेत कुठेतरी पिवळा पडलेला असतो. हा लांबचा रस्ता आहे. एसटीने जायचा रस्ता म्हणा. पण पोचतो.

जिथे दहावीचे टक्के खरोखर परत भेटतात त्या जागा वेगळ्या. कॅम्पसला येणाऱ्या पुष्कळ कंपन्या 'थ्रूआउट सिक्स्टी'ची अट घालतात. अहमदाबाद, बंगळूरसारख्या आयआयएम मुलाखतीची यादी करताना दहावी-बारावीचे टक्केही मोजतात. तिथेही सवाल एकूण टक्क्यांचा आहे, गणिताच्या एका ओळीचा नाही. गणित कॅटमध्ये पुन्हा नव्याने समोर येतं ते येतंच.

आयआयटी मद्रासने २०२० मध्ये आणखी एक दार उघडलं. डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी. जेईई नको. बारावी झालेली असावी, दहावीत गणित आणि इंग्रजी असावं, चार आठवड्यांचा पात्रता अभ्यास करून परीक्षा पास व्हावी. आत गेल्यावर संख्याशास्त्र सुटका देत नाही, पण दारात कुणी मेमोवरचे गुण बघत नाही. डिझाइनकडे ओढा असेल तर आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड कुठल्याही शाखेच्या बारावीवाल्याला देता येते. गावाकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये ए ग्रेड मिळवणारी कितीतरी पोरं आहेत, त्यांना हे नाव माहीत नसतं.

बाकीच्या वाटा झटक्यात सांगतो. नीटमध्ये गणित हा विषय नाही, म्हणून 'मॅथ्स सोड, बायो ठेव' हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. मिरजेचं शासकीय मेडिकल समोर दिसत असतं. पण ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे आहेत, आणि तिथे लॉगरिदम आडवं येतं तेव्हा सोडलेलं गणित मागच्या दाराने घरात येतं. बंगळूरच्या लॉ स्कूलसाठी क्लॅट. १२० प्रश्नांत गणिताचे बारा-चौदा, पातळी दहावीची, टक्केवारी आणि गुणोत्तर. इंग्रजी वाचन पक्कं असेल तर गणित कच्चं असलेल्या मुलासाठी देशातलं सर्वांत सरळ दार हेच, आणि सांगलीत त्याची चर्चा सर्वांत कमी. आयसरच्या परीक्षेत साठ प्रश्न, जीव, रसायन, गणित, भौतिक प्रत्येकी पंधरा. बारावीला गणित न घेतलेलाही ती देऊ शकतो.

एनडीएचं मात्र थांबून सांगायला हवं, कारण साताऱ्यात १९६१ साली देशातलं पहिलं सैनिक स्कूल निघालं आणि ह्या जिल्ह्यात फौजेचं वेड घरोघरी आहे. समज असा, की छाती आणि धावणं असलं की झालं. लेखी ९०० गुणांची, त्यात गणिताचा स्वतंत्र पेपर ३०० चा, आणि दोन्ही पेपरांत किमान गुण लागतात. लष्करी शाखेला बारावी कुठलीही चालते, पण आर्ट्सवाल्या पोरालाही तो ३०० चा पेपर चुकत नाही. २०२१ पासून मुलीही ही परीक्षा देतात. पहाटे मैदानात घाम गाळून गणितात आपटलेले किती तरी अधिकारी-व्हायचे-राहिलेले मला माहीत आहेत.

आणि आता ती जागा, जिथे सर्वांत जास्त मुलं न कळत फसतात. गणित कच्चं, म्हणून आर्ट्स. आर्ट्समध्ये अर्थशास्त्र आवडलं. सर म्हणाले, दिल्ली युनिव्हर्सिटी बघ. बारावीला ८९ टक्के. आणि मग कळतं, की तिथल्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटी ह्या प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. राज्य मंडळाच्या अकरावी कलाशाखेत गणित घेता येतं, पण किती कॉलेजांत ते शिकवायला माणूस असतो? कॉमर्सला गणित की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), असा पर्याय येतो तेव्हा बहुतेक घरांत दोन मिनिटांत एस.पी.वर बोट ठेवलं जातं. त्या दोन मिनिटांत एक दार बंद होतं आणि त्याचा आवाजही येत नाही. दहावीच्या ४८ गुणांनी हे दार बंद केलेलं नसतं, अकरावीच्या फॉर्मवरच्या टिकने केलेलं असतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अर्थशास्त्रालाही शाळेच्या शेवटच्या टप्प्यातलं गणित उत्तम लागतं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली ज्यांच्या देणगीतून उभी राहिली ते रावबहादूर रा. रा. काळे साताऱ्याचे. त्या साताऱ्यातली मुलं अर्थशास्त्र म्हणजे गणित न लागणारा विषय समजतात, ह्याला काय म्हणावं. इतिहास, राज्यशास्त्र, भाषा ह्यांना मात्र गणिताची अट नाही, दिल्लीतही नाही.

आपल्याकडच्या धोरणाने दोन्ही टोकं करून पाहिली आहेत. काही वर्षं दहावीला 'सामान्य गणित'चा पर्याय होता. २०१८ च्या परीक्षेनंतर तो गेला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं होतं, की कलाशाखेकडे जाणाऱ्याला गणित ऐच्छिक का करू नये. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण असले तरी अकरावीत जाता यावं, मात्र शेरा पडावा आणि पुढे त्या विषयांची वाट बंद व्हावी, असं आलं. मला हे पटत नाही. पंधराव्या वर्षी पोराच्या कागदावर शेरा मारून मोकळं व्हायचं, आणि शिकवायचं कुणी? इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी गणितात कमी पडलेल्याला पुढची दोन वर्षं गणित करत राहावं लागतं. तिथेही त्याविषयी कुरकुर आहेच, पण निदान शिकवण्याची जबाबदारी झटकलेली नाही.

ज्यांच्या मेंदूतच अंकांची जुळणी वेगळी असते त्यांचा प्रश्न निराळा. अशा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या सवलतींत जादा वेळ मिळतो, सातवीच्या अंकगणिताचा पर्यायही मिळतो. पण तपासणी मोठ्या शहरात, आणि घरी 'आमचं पोरगं काय वेडं आहे का?' हा पवित्रा. सवलत घेतल्यावर गणित लागणारी दारं बंद होतात, हे आधी समजून घ्यावं. बाकीची सगळी उरतात.

भाषेबद्दलही दोन शब्द. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकरांची समिती त्यामागे होती, आणि बाईंचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्ट आणि सदतीस ह्या शब्दांत एकक आधी, दशक नंतर, लिहिताना उलटं, लहान पोर अडखळतं. आपण विनोद फॉरवर्ड केले. मराठी माध्यमाची मुलगी अकरावीत जाते तेव्हा चल, सहगुणक, श्रेढी, महत्त्वमापन सगळं एका रात्रीत इंग्रजी होतं. पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ पडतात त्यांतले किती गणिताचे आणि किती शब्दांचे, हे कोण तपासतं? महत्त्वमापन हा शब्द मात्र मेन्शुरेशनपेक्षा अवघड आहे, एवढं कबूल करतो.

आणि मराठी घरात गणित हा नुसता विषय कधीच नव्हता. १८९९ साली रघुनाथ परांजपे केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, आणि रँग्लर ही पदवी आपल्याकडे नावाला चिकटून राहिली. साताऱ्यात जन्मलेले गणेश सखाराम महाजनी कायम रँग्लर महाजनीच. बुद्धीचं माप म्हणजे गणित, हे तेव्हापासून आपल्या हाडात गेलंय. म्हणून ४८ गुणांची लाज वाटते, इंग्रजीतल्या ५२ ची तेवढी वाटत नाही. लाज वाटली की पोरगं प्रश्न विचारायचं बंद करतं. मुलगी असेल तर 'मुलींना गणित जरा जडच' हे वाक्य तयार असतं, आणि ते बहुधा घरातलीच बाई बोलते.

मणेराजुरीच्या त्या मुलीचं काय झालं विचाराल. बापाला डिप्लोमा पटला होता, तिला नाही. तिने अकरावी सायन्स घेतलं, गणित ठेवलं. मी एकच अट घातली होती, क्लास लावा नाहीतर नका लावू, पण दिवाळीपर्यंत पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं रोज तासभर करायची, प्रत्येक उदाहरण. ऑगस्टात ती एकदा एसटीतून उतरून थेट माझ्याकडे आली, शंका घेऊन. दप्तरातून पुस्तक काढलं. बालभारतीचं पाचवीचं गणित. त्याला खाकी कव्हर घातलेलं, आणि गाडीत मैत्रिणींना कळू नये म्हणून वर झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'फिजिक्स'.